उदमांजराची संध्याकाळ

मुलुंडला आमची सोसायटी अगदी डोंगराच्या पायथ्याशी आहे. आवारातल्या पंपाच्या खोलीवर पत्रा आहे आणि त्या पत्र्याखाली एक उदमांजर राहतं. मादी. गेल्या वर्षी तिला दोन पिल्लं झाली, तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्यावर लक्ष ठेवून असते.

दिवसभर बाईसाहेब गाढ झोपलेल्या. दिवेलागण झाली, कावळे गप्प झाले, की पत्र्याखालून काळं तोंड बाहेर येतं, हवा हुंगतं, आणि मग लांबलचक शेपूट सावरत ती कुंपणाच्या भिंतीवरून उंबराकडे निघते. दूधवाला यायच्या आत परत. ना घड्याळ, ना गजर. आमच्या नवऱ्याला उठवायला हाका मारून घसा बसतो! मला तिचं फार कौतुक वाटतं, उगाच कशाला लपवू?

पिल्लं लहान होती तेव्हाच नवरात्र आलं. देवीचा मांडव नेमका पंपाच्या खोलीसमोर घातला आणि भिंतीवर रात्रभर जळणारा मोठा हॅलोजन लावला. पहिल्या संध्याकाळी तिने तोंड बाहेर काढलं, डोळे मिटले आणि आत गेली. मी भिंतीवर केळं ठेवलं, ते सकाळी तसंच. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. आईच उपाशी, तर पिल्लांना दूध कुठून मिळणार?

आरती संपल्यावर मी सेक्रेटरींना म्हटलं, "तेवढा हॅलोजन बंद करा ना. उजेडामुळे पिल्लांची आई पत्र्याखालून बाहेरच पडत नाहीये."

"काय ताई! देवीला अंधारात ठेवायचं?"

मागे खुर्चीवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. जन्म मालवणातला, आवाजही तिथलाच. देवीपुढच्या अखंड दिव्याकडे बोट दाखवून त्या कडाडल्या, "मगे ह्यो दिवो कित्याक हा रे? शोभेक? पोरांच्या आवशीक उपाशी ठेवतंस नि देवीची आरती करतंस?"

सेक्रेटरींनी जाऊन हॅलोजनचं बटण बंद केलं. आम्ही एवढी गोंगाट करणारी माणसं, पण कुणाला सांगावं लागलं नाही, सगळे गप्प बसले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग ते काळं तोंड बाहेर आलं. ती पत्र्याच्या कडेला थांबली, भिंतीवर उतरली आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता सगळ्यांच्या देखत उंबराकडे चालत गेली.

सासूबाईंनी हात जोडले. देवीकडे त्यांची पाठ होती.