सुनंदाने उघडलेलं रेग्युलेटर

मागच्या महिन्यात एका रविवारी बिट्टन मार्केटमधून भाजी घेऊन घरी आलो. पिशवी ओट्यावर ठेवतोय तोच मुंबईच्या स्कूबाच्या दुकानातून फोन आला... माझी मुलगी ऋचा ज्याची आठवडाभर वाट बघत होती तोच.

विषय माझ्या बायकोच्या रेग्युलेटरचा होता. डायव्हरच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं ते यंत्र. सुनंदा पन्नाशीच्या आसपास अंदमानला जाऊन डायव्हिंग शिकली. मला अजून साधं पोहता येत नाही.

या हिवाळ्यात सुनंदा गेली. त्याबद्दल इथे लिहिणं मला जमणार नाही...

ऋचाला तिने शब्द दिला होता, तुझा पहिला डाइव्ह माझ्या रेग्युलेटरवर. अंदमानची तिकिटंही दोघींनी मिळून काढली होती. ऋचाने एकटीनेच जायचं ठरवलं आणि इथल्या पूलमध्ये रेग्युलेटर लावून बघितलं, तर हवा सारखी गळत होती. वॉरंटी चालू होती म्हणून मुंबईला पाठवलं. कंपनी दुरुस्त करत बसत नाही, सरळ नवीन पीस देते, असं दुकानदाराने सांगितलं. नवीन तर नवीन, आईच्या नावावर आलेलं असेल ना, म्हणून ऋचा खूश होती.

"अंकल, क्लेम भर रहा हूँ," दुकानदार म्हणाला. "बस एक बात... पीस किसीने खोला तो नहीं था ना? नहीं ही होगा. मैं 'नहीं' लिख देता हूँ."

फोन स्पीकरवर होता. ऋचाने माझ्याकडे बघून मान हलवली. काही बोलू नकोस, अशी.

आम्ही बरीच वर्षं कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये काढली. तिथे मिक्सर सर्व्हिस सेंटरला देणं म्हणजे कमीपणा. सगळे कारखान्यातले, त्यामुळे कुठलीही वस्तू बिघडली की आधी आपण उघडून बघायची. गेल्या वर्षी सुनंदाने हे रेग्युलेटरही तसंच उघडलं होतं. थोडी हवा गळते म्हणाली, गोविंदपुऱ्यातल्या एका दुकानातून रबराची रिंग आणली, जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला आणि बसवली. टॉर्च मी धरला होता.

आणि हीच सुनंदा कारखान्यात तपासणी खात्यात होती, गेज लावून माल मोजायची. तिने नापास केलेला माल परत गेला की शेजारचे लोक आमच्याशी दोन दिवस बोलायचे नाहीत. एकदा गणपतीच्या आरतीनंतर समोरचे कुलकर्णी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, घरच्या पोळ्यांनाही गेज लावून बघता का हो?"

"लावते ना. तुमच्याकडच्यांना लावत नाही, एकही पास व्हायची नाही," सुनंदा म्हणाली. सगळ्यात जास्त कुलकर्णी वहिनीच हसल्या.

फोन हातात धरून मला वेगळंच सुचत होतं. 'नहीं' लिहिलं की दोष बनवणाऱ्यांच्या माथी जाणार. कुठल्या तरी कारखान्यात सुनंदासारख्याच कोणीतरी तो पीस तपासून पास केला असेल. तिचं काम खराब निघालं, असं तिच्या साहेबाला कळवलं जाईल...

"खोला था," मी म्हणालो. "मेरी मिसेस ने. बाहर की रिंग डाली थी."

दुकानदार म्हणाला, "अंकल, फिर तो रिजेक्ट हो जाएगा. सोच लीजिए."

"सोच लिया."

फोन ठेवल्यावर ऋचा भडकली. "आई असती तर तिने स्वतः सांगितलं असतं, मान्य आहे बाबा. पण ती नाहीये! तिची चूक तिच्या माघारी तू बाहेर सांगितलीस. एक चीज मागितली होती मी, बस एक."

मी मेथी निवडायला बसलो.

काही दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. बाहेरची रिंग बसवल्यामुळे आतलं सील फाटलंय, क्लेम मंजूर नाही, हे रेग्युलेटर पाण्यात वापरू नये. ऋचाने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"आईने तपासलं असतं तर तिनेही नापासच केलं असतं ना?" तिने विचारलं.

"लगेच," मी म्हणालो.

तिला हसू आलं आणि मग ती रडली. सुनंदा गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी शेजारी बसून राहिलो... मला त्याहून जास्त काही येत नाही.

काल तिने अंदमानहून फोटो पाठवला. बोटीच्या काठावर बसलीय, अंगावर सगळं भाड्याचं सामान. खाली लिहिलं होतं, 'मस्त झालं बाबा, डर नहीं लगा.' मी फोटो मोठा करून तिच्या तोंडातलं ते परकं रेग्युलेटर बघत राहिलो.

त्या दिवशी खरं बोललो, उद्या पुन्हा कोणी विचारलं तरी तेच सांगेन. फक्त, सुनंदाने लेकीला दिलेला शेवटचा शब्द माझ्या तोंडून मोडला... याचं वाईट वाटतं, आणि ते वाटत राहणार.