हात खाली ठेवून म्हणायचं गाणं

सायखेड्याच्या मळ्यात धुकं इतकं दाट होतं की पुढच्या सरीतली सून, मनीषा, लंकाबाईला नुसती ऐकू येत होती. शेवंती दवानं जड झालेली. ओली फुलं पाटीत काळी पडतात, म्हणून हलकं झटकून खुडायची. एरवी खुडताना म्हातारीचं तोंड गप्प नसायचं. आज तिनं गळा राखला होता. दहाला नाशकात तालीम होती.

चाळीस वर्षांनी! 'जोंधळ्याची पोर' हे नाटक तिनं जत्राजत्रांतून गाजवलं, मग मळा आणि लेकरं यांत सगळं मागं पडलं. आता पंचवटीतल्या अमोलनं त्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला, आणि शेवटचं गाणं मूळ बाईच्याच तोंडून हवं म्हणून गाडी घेऊन दारात आला.

तालमीच्या हॉलवर पोचल्यावर मात्र त्यानं खिशातून कागद काढला.

"मावशी, नाटककारांच्या नातवाची परवानगी आलीय, पण फक्त गाण्यांची. माइकसमोर उभं राहून म्हणायचं. हातवारे नाहीत, संवाद नाहीत, नाटकातला पेहराव नाही. तेवढं सहावारी नेसा त्या दिवशी."

"आरं, हे लुगडं मी रोज नेसते. शेण काढायला बी."

"नाटकातही नऊवारीच होतं ना. मग ते प्रयोग धरतात, आणि प्रयोगाची परवानगी ते देतच नाहीत."

"आन गाण्याआधीचं बोलणं?"

"तो संवादच झाला."

लंकाबाईला आधी हसूच आलं. एका जत्रेत नवऱ्याचं काम करणारा कोंडाजी "कुठं निघालीस?" म्हणाला आणि पुढचं विसरून खांबासारखा उभा राहिला. तोंडाला आलं ते तिनं फेकलं, "बाजारला! तुला इकून बैल आणते. तो तरी ऐकल!" मंडप उसळला. त्या हशातच पेटीवाल्यानं सूर धरला आणि ती गाण्यात शिरली. पुढं प्रत्येक प्रयोगात तसंच. विंगेत बसलेल्या नाटककारानं ते वहीत उतरवून घेतलं होतं.

"ते माझं बोलणं हाय रं. कोंडाजीला इचार..." म्हणता म्हणता ती थांबली. कोंडाजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"असेल, मावशी. पण छापलंय पुस्तकात. त्यावर नाव त्यांचं."

पेटीवाल्यानं सूर दिला. लंकाबाई हात पदराखाली धरून उभी राहिली. सूर आला, गेला. हशा नव्हता, कुठून शिरावं तेच कळेना. दुसऱ्यांदा हात कमरेवर गेला. "हात, मावशी," अमोल म्हणाला. तिसऱ्यांदा 'बाजारला' ओठांवर आलं आणि ते गिळताना सूरही गिळला गेला.

मग कार्यक्रमातली बाकीची गाणी म्हणणारी कॉलेजातली सृष्टी उठली आणि एका दमात गाणं म्हणून मोकळी झाली. कुठं चुकली नाही. कुठं हसू आलं नाही.

"तुमचा सत्कार करू, मावशी. शाल, श्रीफळ."

"त्याला नाय लागत का परवानगी?"

पेटीवाला मान खाली घालून हसला. अमोल तिला गाडीपर्यंत सोडायला आला, तिथं जरा चाचरला. "आणि... हार तुमच्याच मळ्यातले घेऊ म्हणतो. दहा-बारा."

लंकाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"शेवंतीचे का झेंडूचे?"

दुपारी ती परतली तेव्हा मळ्यात रखरखीत ऊन पडलं होतं.

"आत्याबाई, झालं का गाणं?" मनीषानं विचारलं.

"झालं." तिनं पदर खोचला आणि पाटी ओढली. "कडंची सरी तशीच ठेवलीस व्हय गं? माना टाकल्या की फुलांनी."

आणि ती वाकून खुडू लागली.