चुलीवरच्या पट्ट्या

धसईच्या आमच्या घरात पावसाळ्यात कोरडी जागा एकच, चुलीवरचा माळा. वालाचं बियाणं तिथे, सुकट तिथे, काडेपेटी तिथे. म्हणून रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्यांची डबीही आईने तिथेच ठेवली. आता सांगा, ह्यात तिचं काय चुकलं?

कल्याणच्या कॉलेजात आम्ही अशाच पट्ट्या बनवायचं संशोधन करतो. पट्टीवर जिवाणूंपासून काढलेलं एन्झाइम असतं. साखर त्याला भेटली की बारीकसा वीजप्रवाह निघतो, आणि वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा थर तो यंत्रापर्यंत पोचवतो. पण पट्टी बाजारातली असो की आमची, रोजच्या धगीने एन्झाइम मरतं. मग साखर कितीही वाढो, यंत्र आपलं कमीच दाखवतं. धगीपासून दूर ठेवा, ही सूचना डबीवर होती हो, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत! माझी आई मराठी चौथी शिकलेली. कोणासाठी छापता रे हे? मेडिकलवाल्याने तिला बोटाला टोचायचं शिकवलं, पण डबी कुठे ठेवायची ते सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही.

आकडे छान येत होते. ते बघून मुरबाडच्या डॉक्टरांनी तिची गोळी अर्धी केली. फोनवर आई खुशीत होती. "साखर पळाली गो माझी!"

पुढे भाताच्या लावणीत तिच्या पायाच्या बोटाला दगड लागला. जखम भरेना, चिघळतच गेली. मी घरी आले, माळ्यावरची डबी बघितली आणि आधी मेडिकलातून नवी डबी आणली. नव्या पट्टीवर मोजलं तर आकडा जुन्या पट्ट्यांच्या दुपटीच्याही वर.

तशीच तिला घेऊन मुरबाड गाठलं. डॉक्टरांनी पाय बघितला, डबी कुठे होती ते माझ्याकडून ऐकलं, बोट काढावं लागेल म्हणाले, आणि वर तिलाच झापलं, "चुलीवर ठेवतात का कुणी? अक्कल आहे की नाही?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "गोळी कमी करताना एकदा तरी लॅबमध्ये रक्त तपासून घेतलंत? पट्ट्या कुठे ठेवता, एवढं तरी विचारलंत?"

आईने माझा दंड घट्ट धरला. "गप गो. त्यांना नको बोलू." मग तो सुजलेला पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि त्यांच्यापुढे हात जोडले.

"चुकलं माझं, साहेब. परत नाय करनार."