कोरडी चादर

माझ्या मुलीला तहान लागली की ती खालच्या ओठावरून जीभ फिरवते. बारा वर्षांची झाली, पण तिला बसता येत नाही, बोलता येत नाही. पाणी चमच्यानं, मान धरून, हळूहळू पाजावं लागतं. हे सगळं मी धाकट्या बहिणीला करून दाखवलं होतं.

पोरीला उचलून उचलून माझी कंबर गेली होती. डॉक्टर म्हणाले, आराम करा. त्यांचं काय जातं सांगायला. भाताच्या रोवणीचे दिवस, नवरा दिवसभर शेतावर बांधीत, आणि सासरच्या बायका पोरीला लांबूनच माया दाखवणाऱ्या. तेव्हा सडक अर्जुनीहून बहिणीचा फोन आला, "बाई, चार दिवस माह्याजवळ ठेव तिले. तू झोप काढ." मी फोनवरच रडले. मुलीला तिच्याकडे सोडून केशोरीला परत आले आणि खरंच झोपले, दिवसाढवळ्या, दार लावून.

आणायला गेले तर बहीण अंगणातच भेटली. "पाह्य बाई, एकबी चादर नाही भिजली." मला कौतुकच वाटलं. माझ्या घरी रोज दोरीभर गोधड्या वाळत असतात. मग आत गेले. पोरीचे ओठ फुटलेले, जीभ पांढरी पडलेली. पाण्याचा चमचा लावला तर तिनं तो दातांत धरून ठेवला, सोडेना.

"पाणी देत होतीस ना?"

"थोडं थोडं देत होती. जास्त देल्लं तर भिजवते. जीभ फिरवून राहिली होती, पण मी ध्यान नाही देली. तिले काय समजते?"

हे ती चहा गाळता गाळता अगदी सहज म्हणाली. परकं कोणी असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. हिला तर मी कडेवर खेळवलं होतं. मुलीला मांडीवर घेऊन बसमध्ये बसले आणि मनातल्या मनात बहिणीशी भांडत राहिले. अजूनही भांडते. तिनं मला फसवलं, आणि फसवलं हे तिला कळलंही नाही, याचाच राग जास्त आहे.

आता डॉक्टरांनी माझं ऑपरेशनच सांगितलंय. नंतर बरेच दिवस वजन उचलायचं नाही. दिराला विचारलं, त्यानं पावसापाण्याचं बोलणं काढलं. माहेरी वहिनीला विचारलं, तर म्हणे जागा नाही. दोन खोल्या रिकाम्या आहेत तिच्या घरात. शेवटी बहिणीलाच फोन लावला.

"आण ना, बाई," ती म्हणाली. "मले जमते आता तिचं."

मी हो म्हणाले.