बोली पुकारणारे बाबा

काटोलच्या स्टँडवर नागपूरची एसटी हलली तेव्हा मी अजून पायरीवरच होते. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात बॅग. बाबा खालून ओरडले, "थांब गा! माही पोरगी चढून राहिली, दिसत नाही काय?" अख्खं स्टँड वळून पाहायला लागलं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

बाबांना हळू बोलणं जमायचंच नाही. संत्र्याच्या मंडीत लिलावाची बोली पुकारायचं त्यांचं काम. ढिगावर उभे राहून बोलायला लागले की शेवटच्या बैलगाडीपर्यंत आवाज जायचा. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो, आणि आता मीही निघाले होते. नागपुरात जरीपटका भागातल्या एका इंग्रजी शाळेत मला बालवर्गाची नोकरी लागली होती. "माहं काय," ते म्हणाले होते, "मी दिवसभर मंडीतच असतो. तू जाय."

शाळेत गेल्या गेल्या फोनिक्सचं ट्रेनिंग झालं. अक्षराचं नाव सांगायचं नाही, फक्त त्याचा आवाज काढायचा. मग आवाजाला आवाज जोडायचा, की मूल आपोआप शब्द वाचतं. मी 'प' म्हटलं की ट्रेनर मॅडम थांबवायच्या. "मागे 'अ' चिकटवू नका. नुसतं प्." आपल्या बाराखडीत वाढलेल्या जिभेला ते फार अवघड. मी खोलीवर आरशासमोर ओठ मिटून, उघडून सराव करायची. फोनवर बाबांना एकदा 'स्स्स्' करून दाखवलं. ते खदाखदा हसले. "लेकरांले शू कराले बसवतं काय वं?"

काही वर्षं अशीच गेली. वर्गात जरीपटक्याच्या दुकानदारांची सिंधी मुलं, रिक्षावाल्यांची मुलं, सगळी एका सुरात आवाज जोडायची. एखादं मूल महिनाभर अडायचं आणि एका सकाळी अचानक 'कॅट' वाचायचं. त्याचं तोंड त्या वेळी पाहण्यासारखं असायचं. खोलीत एकटीने जेवताना मला तेवढंच पुरायचं.

मग मंडीतून फोन आला. बाबा ढिगावरच कोसळले होते, अर्धांगाचा झटका आला होता.

दवाखान्यातून त्यांना मी थेट माझ्याकडे आणलं. हातपाय हळूहळू चालायला लागले, बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, "ते ऐकतात, त्यांना समजतं. शब्द तोंडापर्यंत येत नाही. सराव घ्या, थोडंफार येईल."

सराव म्हटलं तर मला येत होता तो एकच. शाळेतून आले की मी बाबांसमोर बसायची. ओठ मिटून म्म्म्. मग आ. मग य्. माझ्या ओठांकडे ते इतकं टक लावून पाहायचे, की मलाच खाली बघावंसं वाटायचं. एका संध्याकाळी त्यांनी जोडलं. "माय." मी टाळ्या वाजवल्या, वर्गात वाजवते तशा.

पण पुढे काही आलं नाही. पाणी हवं तरी माय, पंखा हवा तरी माय, मलाही माय. 'पाणी'साठी मी प् घेऊन बसले की ते चिडायचे. मुलांची चित्रांची कार्डं आणली, ती त्यांनी हाताने उडवून दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पांढऱ्या केसांच्या माणसासमोर मी सफरचंदाचं चित्र धरत होते.

हिवाळ्यात संत्र्याचा हंगाम सुरू झाला. बाबा दाराकडे बोट दाखवायचे, चप्पल पायात घालून बसायचे. रविवारी मी त्यांना काटोलला नेलं. मंडीत पाय ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. ढिगावर एक तरुण माणूस बोली पुकारत होता. त्याने बाबांना पाहिलं आणि थांबला. जुने हमाल गोळा झाले. बाबांचे सोबती किसनकाका म्हणाले, "या भाऊ! एक तरी पुकारा गा, कान तरसले आमचे."

बाबांनी छाती भरून श्वास घेतला.

"माय," बाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "माय! माय!"

मागे कुणीतरी हसलं. किसनकाकांनी खांद्यावरचं दुपट्टं डोळ्यांना लावलं. बाबांनी माझं मनगट पकडलं आणि मला ओढतच नागपूरच्या गाडीकडे नेलं. आमचं घर मंडीमागच्याच गल्लीत होतं. तिकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून तो शब्दही बंद आहे. सराव मी सोडला. काटोलच्या आत्याचा फोन येतो, "काहून ठेवलं त्यांले तिथं? आपल्या घरी आण, म्हाताऱ्या माणसाचा जीव घरातच लागते." मागच्या आठवड्यात मी बाबांना सरळ विचारलं, "बाबा, घरी जायचं?" ते खुर्चीतून उठले, सावकाश खाटेपर्यंत गेले आणि पांघरूण ओढून पडले. ते 'नाही' होतं, की 'हेच घर' होतं, मला कळलं नाही. दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

काटोलकरांनो, तुमच्यापैकी जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना एवढंच सांगते. काटोलला मी अजूनही जाते, घराला हवा लागावी म्हणून दारं उघडते, झाडते. पण निघताना बाबांना "काटोलला जाते" म्हणते. "घरी जाते" असं आता तोंडातून निघत नाही.