उनाचं लोणी

मेयो परगण्यातल्या आमच्या खेड्यात उनाइतकी संशयी बाई दुसरी नव्हती. शेजारणीनं दिलेलं अंडंही कानाशी हलवून बघायची. आणि का नसावी? थोरला भाऊ फेलिम पोरवयात जहाजावर चढला, दक्षिण अमेरिकेत कुठल्याशा आरमाराचा सरदार झाला, लढाया जिंकला म्हणे. घरी मात्र ना पत्र ना निरोप. मागच्या साली एक फेरीवाला ‘मीच फेलिम’ म्हणत आला, आठवडाभर चापून जेवला आणि कोंबडी घेऊन पसार झाला. दुधानं तोंड पोळलेली बाई, आता ताकही फुंकूनच पिणार.

म्हणून सोनेरी बटणांच्या कोटातला म्हातारा दारात येऊन “उने, ओळखलंस का?” म्हणाला, तेव्हा तिनं साय घुसळणं थांबवलंसुद्धा नाही. उंच पिपात दांडा वरखाली चालूच राहिला.

“असले फेलिम वर्षाला एक येतात,” ती म्हणाली.

शेजारीण पेग चुलीपाशी बटाटे सोलत होती. “अगं, नाक तरी बघ. तुझ्या बापाचंच आहे.”

“माझ्या बापाचं नाक अर्ध्या गावाला आहे.”

घुसळण चालू असताना आलेल्यानं दांड्याला हात लावायचा, नाहीतर तो घरची बरकत घेऊन जातो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. हा मात्र उजवा हात कोटात खुपसून उभा.

“बघ पेग, पितळ उघडं पडलं. साहेब, आल्या वाटेनं निघा.” बोलली खरी, पण नजर पुन्हा त्याच्या नाकाकडं गेली. हाच फेलिम असला तर? आणि नसला, तरी याला भाऊ म्हटलं आणि उद्या खरा दारात आला, तर त्याला कुठलं तोंड दाखवायचं?

म्हाताऱ्यानं कोटाची बाही बाहेर काढली. रिकामी होती.

“तोफेनं नेला,” तो म्हणाला. “तुला दाखवायचा नव्हता.”

डाव्या हातानं त्यानं दांडा धरला. एका हाताला तो रेटेना. मग त्यानं दोन्ही बूट जोडून तिच्यापुढं सरकवले.

उनानं दांडा सोडला. लहानपणी तिचा हात दांड्याला पोचायचा नाही. फेलिम तिला आपल्या पायांवर उभी करायचा, मग दोघं मिळून घुसळायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पेगलाही नाही.

तिनं चपला काढल्या, त्या चकचकीत बुटांवर पाय ठेवले आणि त्याच्या हातावर दोन्ही हात ठेवून दांडा धरला.

“दादा, हलू नकोस हं,” ती रडत म्हणाली, “पडेन मी.”