चोवीस सेलची मांडणी

बॅटरीचा प्रत्येक सेल आमचे शेजारी आधी गालाला लावून बघत. कोमट लागला तर बाजूला ठेवून म्हणत, "तापलेल्याशी वाद घालायचा नाही." बायकोशीही त्यांचं हेच धोरण होतं.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत ते शेजारच्याच घरात राहायचे. सातपूरच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची सगळी हयात गेली. तुमच्याही कॉलनीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे सगळ्यांचे बंद पडलेले मिक्सर जातात.

त्यांची मुलगी स्केटबोर्डवर वेड्यासारखी पळायची. एका अपघातात तिचा उजवा पाय अधू झाला आणि त्या पायाने जमीन ढकलणं संपलं. नंतर ती खिडकीपाशी बसलेली दिसायची. मला फार वाईट वाटायचं. मग त्यांनी तिच्याच जुन्या बोर्डाला मोटार बसवायला घेतली.

घोडं अडलं ते बॅटरीवर. सेल चोवीस. सहा-सहा एकामागे एक जोडून चार रांगा केल्या, तर बोर्ड संथ चालणार. बारा-बाराच्या दोनच रांगा केल्या, तर व्होल्टेज दुप्पट आणि वेगही जवळपास तेवढाच वाढणार. मुलीला पूर्वीसारखा वेग हवा होता. त्यांनी सहाचीच मांडणी केली. ती रुसली, तरी ऐकलं नाही. "तिचा अपघात झाला तेव्हा मी कामावर होतो, ताई," एवढंच मला म्हणाले.

पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मावशी पूजेचं ताट घेऊन आल्या. नवी गाडी आली की करतात तसं हळदकुंकू वाहून त्यांनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. स्कूटर लिंबू चिरडून पुढे जाते. हे चाक लिंबापेक्षा जेमतेम मोठं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. मोटारीतले एवढे जाणकार, तेही हात जोडून उभे होते. बोर्ड जागीच अडला आणि पोरगी खाली आपटली.

ते धावले आणि मध्येच थांबले. तिने हाताने तशी खूण केली होती. कोपर खरचटलं होतं, तरी ती कठड्याला धरून स्वतः उठली, लिंबू मावशींच्या ताटात ठेवलं आणि परत बोर्डवर चढली. मावशींना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी सगळी बॅटरी सोडवून ठेवलेली. मी विचारलं, काय बिघडलं?

"बिघडलं काही नाही. भीती माझी होती, आणि हळू तिला चालवत होतो."

बाराची मांडणी झाली, चार्जरही नवा आला. पण त्या बोर्डवर तिला बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी तिने बोर्ड बाहेर काढला. तिची आई, मावशी आणि मी फाटकाशी उभ्या होतो. बोर्ड असा सुटला की माझ्या तोंडून "हळू" निघणारच होतं. तिच्या आईने माझा हात धरला.

"जाऊ द्या, ताई. तेवढा वेग ह्यांनीच दिलाय."

ती वळणावरून दिसेनाशी झाली, तरी आम्ही तिघी तिकडेच बघत उभ्या होतो.